फर्डिनंडच्या गाडीचं रनिंग

"गाडी बिघडलेली नाही," इनेझ आंटी म्हणाल्या. "तिचा आवाज तेवढा बदलून दे."

निर्मळच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. आधी वडिलांचं होतं, आता माझं. मी पटकन चिडते हे आसपासच्या गावांत सगळ्यांना ठाऊक आहे. 'नेत्राकडे गाडी ने, पण तोंड बंद ठेव' असा सल्ला लोक एकमेकांना देतात आणि तो चांगला सल्ला आहे. त्या दिवशीही मी काहीतरी खवचट बोलणारच होते, पण त्यांच्याकडे पाहून गप्प बसले. वटारहून त्या उन्हातून चालत आल्या होत्या. हातात पिशवी नाही, छत्री नाही, पायात घरातल्या सपाता. घरात कुणाला न सांगता निघालेलं माणूस असंच दिसतं.

त्यांच्या घरची बोली वेगळी, आमच्या घरची वेगळी. भेटलो की आम्ही दोघी मधल्या, शाळेतल्या मराठीत बोलतो. त्या मराठीत त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं. "आवाज बदल. दुसऱ्या कुठल्याही गाडीचा चालेल."

त्या गाडीचा आवाज माझ्याही ओळखीचा होता. फर्डिनंड अंकलची जुनी, साय रंगाची फियाट. तीन ठोके सरळ आणि चौथा जरा उशिरा, दम लागलेल्या माणसाने वाक्य अर्धवट सोडावं तसा. केळीच्या वाड्यांमधून तो आवाज आला की लोक न बघता म्हणत, फर्डिनंड आला. गाडीच्या इंजिनाला त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नाही. टायमिंग मागे ठेवलंय, पेट्रोल जास्त सोडलंय, इंजिन तापून मरेल, असं माझे वडील त्यांना तोंडावर सांगायचे. ते नुसते हसायचे. शेवटी इंजिन राहिलं आणि तेच गेले, त्याला आता वर्ष झालं होतं. गाडी त्यांचा मुलगा केविन चालवतो. अंधेरीच्या ऑफिसात त्याचा आठवडा जातो, आणि सुट्टीच्या दिवशी तो ती गाडी बाहेर काढतो.

"केविनला विचारलंत का?" मी म्हटलं.

"तो कामावर असेल तेव्हा ये," एवढंच त्या बोलल्या.

मी बुधवारी गेले. केविनची बायको ॲनिशा बाळाला लस द्यायला वसईला गेली होती. घर वाडीच्या आत, रस्त्यापासून चांगलं लांब, मधे केळी आणि सोनचाफ्याची झाडं. रस्त्याला लोखंडी फाटक. गाडी घराशेजारच्या शेडमध्ये कापडाखाली. आंटींनी चावी दिली, ओट्यावर बसल्या आणि चवळीच्या शेंगा मोडायला घेतल्या. चहा घेतेस का, साखर किती, असं चाललं होतं. मी कापड काढलं, बॉनेट उघडून ठेवलं आणि चावी फिरवली.

इंजिन सुरू झालं. तीन ठोके, आणि चौथा उशिरा.

आंटी बोलता बोलता उठल्या. मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. पायऱ्या उतरून त्या भरभर फाटकाकडे निघाल्या, मग धावू लागल्या. मला वाटलं कुणी आलं असेल. मी गाडीतूनच मान वळवून पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. त्यांनी कडी काढली, फाटक पूर्ण उघडलं आणि बाजूला सरून उभ्या राहिल्या, नजर खाली, एका हाताने गाऊन सावरलेला. एक गाडी आत यायला लागतो तेवढा वेळ त्या तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी फाटक लावलं, कडी घातली आणि वळल्या.

भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. गाडी शेडमध्ये होती आणि गाडीत मी बसले होते. मग त्यांनी आत कुणाला घेतलं?

मी चावी बंद केली. आंटी परत आल्या, सांडलेल्या शेंगांकडे पाहिलं आणि पायरीवर बसून रडायला लागल्या.

"बघितलंस ना?" त्या म्हणाल्या. "माझे पाय माझे नाहीत गं."

मग त्यांनी सांगितलं. फर्डिनंड हॉर्न कधी वाजवत नसत. हॉर्न टॅक्सीवाले वाजवतात, म्हणायचे. फाटकाबाहेर गाडी चालू ठेवून बसायचे. स्वयंपाकघरापर्यंत आवाज पोचला पाहिजे म्हणून उभ्या गाडीचं रनिंग मुद्दाम तसं ठेवलेलं. बायकोने ओळखायचं आणि यायचं.

"आणि उशीर झाला तर?"

"काही नाही. बसून राहायचा. आत आला की जेवताना बोलायचा नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कधी कधी आठवडाभर भिंतीशी राहिल्यासारखं वाटायचं. पण हात नाही हां उचलला कधी. तसं कुणी म्हणू नये."

शेंगा गोळा करता करता त्या थांबल्या. "केविन बसायला लागला होता नुकता. टबात बसवून आंघोळ घालत होते आणि बाहेर गाडी वाजली. फाटक लावून परत आले तर टबात आडवा झालेला, पाणी ओठांपर्यंत. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. कन्फेशनमध्येसुद्धा नाही."

"ते जुनं झालं, आंटी."

"जुनं? परवा नातवाला पायांवर घेऊन आंघोळ घालत होते. केविन गाडी घेऊन आला. त्यानंतर मला आठवतं ते फाटकच. बाळ मोरीत, पाटावर, एकटं. साबण लागलेलं. पालथं व्हायला बघत होतं. रडत पण नव्हतं." त्यांनी माझा हात धरला. तो ग्रीसने बरबटला होता, त्यांना त्याचं काही नव्हतं. "मी त्या पोराला मारीन, नेत्रा. मला कळणारही नाही."

मी म्हटलं, केविनला सगळं सांगा. त्यांनी मान हलवली. फर्डिनंडच्या वर्षाच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेत, केविन लहान पोरासारखा रडला होता. "त्याचा बाप त्याच्यापुरता चांगला होता. तो मी त्याच्याकडून कशाला काढून घेऊ? तू फक्त आवाज बदल. आणि शपथ घे, कुणाला सांगणार नाहीस."

मी शपथ घेतली. मला राग आला होता, त्या मेलेल्या माणसाचा, आणि राग आला की माझे हात चांगले चालतात.

आधी त्यांना मागच्या वाडीत पाठवलं, कान झाकून. इंजिन गरम होऊ दिलं. प्लग काढून पाहिले तर काळे कुळकुळीत, न जळलेल्या पेट्रोलने माखलेले. ते घासले, पॉइंटमधलं अंतर बसवलं. मग इंजिन पुन्हा चालू करून डिस्ट्रिब्युटरचा खालचा नट सैल केला. ठिणगी कधी पडायची हे तो डबा ठरवतो. तो हाताने जरासा फिरवला की टायमिंग पुढे किंवा मागे जातं. फर्डिनंडनी ते इतकी वर्षं मागे ठेवलं होतं की जिथे डबा बसायचा तिथे तेलाची आणि धुळीची एक रेघच धरली होती. मी डबा त्या रेघेवरून सरकवला. तशी इंजिनाने एकदम उचल खाल्ली, जणू कुणीतरी छातीवरचा पाय काढला. मग कार्बोरेटर. रनिंगचा स्क्रू खाली घेतला, हवा-पेट्रोलच्या मिक्स्चरचा स्क्रू आत नेला, इंजिन अडखळायला लागेपर्यंत, मग थोडा बाहेर, मग पुन्हा आत. चौथा ठोका हळूहळू बाकीच्या तिघांच्या ओळीत आला. शेवटी एक सपाट, शांत घरघर उरली. कुठल्याही फियाटची असते तशी.

आंटींना हाक मारली. त्या केळीमागून आल्या, शेडच्या दारात उभ्या राहिल्या आणि ऐकत राहिल्या. त्यांचे पाय हलले नाहीत. त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"ही कुणाची गाडी आहे?" त्या हसून म्हणाल्या. जाताना त्यांनी मला ओंजळभर सोनचाफा दिला, आणि मी तो स्कूटरच्या सीटखाली ठेवून घरी नेला, कधी नव्हे ती गाणं म्हणत.

पुढच्या आठवड्यात मी वटारच्या रस्त्याने स्कूटरवरून येत होते. मागून तो आवाज आला. तीन ठोके, आणि चौथा उशिरा. मी स्कूटर कडेला घेतली, पण वळून बघायचं धाडस झालं नाही. गाडी शेजारून निघून गेली. काचेवर ऊन होतं, आत कोण आहे ते दिसलं नाही.

रात्री आंटींचा फोन आला. त्या कुजबुजत होत्या. "तो परत आला."

नट सैल राहिला असेल, मी स्वतःला बजावलं. केविन कामावर असताना पुन्हा गेले. नट घट्ट होता. डबा मात्र जुन्या रेघेवर होता, बरोब्बर तिच्यावर, केसभरही इकडे तिकडे नाही. दोन्ही स्क्रू पूर्वीच्या जागी. टायमिंग तपासायचा लाइट लावूनसुद्धा मला ती जागा एका फटक्यात मिळाली नसती. ते काम कानाने केलेलं होतं, आणि तो कान वर्षापूर्वी चर्चच्या मागे पुरला होता. केविनचा मला संशयही आला नाही. त्या मुलाला चाक बदलायला मी शिकवलं होतं, तेही फोनवर.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी त्या दिवशी काम करताना मी शेडच्या भिंतीकडे पाठ करून उभी राहिले. सगळं पुन्हा बसवलं. नटावर आणि स्क्रूंवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. कुणी फिरवलं तर ठिपका तुटतो, कळतं. नेलपॉलिशचा मला एवढाच उपयोग आहे.

पुन्हा रविवार गेला आणि पुन्हा फोन आला. या वेळी ॲनिशाचा. "नेत्राताई, मम्मींना काय झालंय? बाळाला हातच लावत नाहीत. मी दिलं तरी घेत नाहीत. खोलीचं दार लावून बसतात. माझं काही चुकलं का?" ती रडवेली झाली होती. "आणि काल केविन आला तेव्हा मम्मी फाटकावर गेल्या नाहीत, तर तो दिवसभर कुणाशी बोललाच नाही. जेवलासुद्धा मान खाली घालून. आमच्या घराला काय लागलंय, कळत नाही."

तिचं शेवटचं बोलणं मी नीट ऐकलं नाही. माझ्या डोक्यात फक्त तो लाल ठिपका होता, तुटला असेल का? जे काय असेल ते एकदा समोर येऊ दे, असं ठरवून मी शनिवारी सकाळी, न सांगता, वटारला गेले.

फाटक उघडून आत शिरले. शेडमध्ये इंजिन चालू होतं. बॉनेटवर वाकून फर्डिनंड अंकल उभे होते.

तीच पाठ. तोच मळका बनियन, डोक्यावर तीच वेताची टोपी. डावा हात इंजिनवर पसरून ठेवलेला, डोळे मिटलेले, मान जरा कलती. उजव्या हातातला स्क्रूड्रायव्हर अगदी थोडा फिरला आणि माझं शांत रनिंग माझ्या डोळ्यांदेखत फुटलं. चौथा ठोका मागे राहायला लागला.

मग ते वळले, आणि तो केविन होता.

"अरे नेत्रा! यार, तू होतीस होय? तरीच म्हटलं रेड नेलपेंट कुठून आलं. मम्मीने बोलावलं ना तुला?" तो हसत होता. "थँक्स हां, पण नको. स्मूथ केलीस तू, पण डॅडीची गाडी नाही राहिली ती. गावात पण कुणी ओळखेना."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. लहानपणी डॅडी माझा हात असा इंजिनवर ठेवायचे, डोळे मिटायला लावायचे. हाताला माहितेय." त्याने नट आवळला. "आणि खरं सांगू? मम्मीसाठी करतो मी हे. तू ट्यून केलंस आणि ती फाटकावर यायचीच बंद झाली. मी परत जुनं केलं, तर धावत आली. अगं, या वयात! डॅडींसाठी यायची तशीच. एवढं प्रेम मी कुणाच्या घरी बघितलं नाही. ती धावायची थांबली तर ती गेलीच समज."

मला ओरडायचं होतं. शपथ आड आली. "तिला धावायचं नाहीये, केविन," एवढंच मी म्हणाले. "तिला विचार एकदा."

"विचारायचं काय त्यात? मी बघतो ना." तो गाडीत बसला. "थांब तू. वसईहून पाव घेऊन येतो, मग तूच बघ तिचा चेहरा."

तो गेला. फाटक मी लावलं. आत ॲनिशा मोरीत पाय लांब करून बसली होती, पायांवर बाळ, शेजारी गरम पाण्याचा टोप. आंटी त्यांच्या खोलीत, जपमाळ हातात घेऊन.

"आंटी, भूत नाही," मी म्हटलं. "केविन आहे. तोच फिरवतो स्क्रू. तुम्ही खुश होता असं त्याला वाटतं."

मला वाटलं होतं त्यांचा जीव भांड्यात पडेल. त्यांनी जपमाळ मुठीत आवळली.

"फर्डिनंड असता तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "त्याच्या नावाने फादरांना मिस्सा करायला सांगितलं असतं. आता मी काय सांगू?"

मग मी शपथ मोडली नाही, पण त्यांनाच सुनावलं. तुमच्या गप्प बसण्याने त्याला वाटतं की धावणं म्हणजे प्रेम, हे मी मोठ्या आवाजात म्हणाले. त्या ऐकून घेत होत्या. मग त्यांनी माळ पहिल्यापासून पुन्हा जपायला घेतली. मोरीतून पाण्याचा आणि बाळाच्या हुंकारांचा आवाज येत होता.

आणि मग फाटकाबाहेर गाडी आली. तीन ठोके, आणि चौथा उशिरा.

आंटी उभ्या राहिल्या. दारापर्यंत गेल्या आणि दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली. बोटं पांढरी पडली. एक पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं होतं. ठोके वाजत राहिले. त्या पुटपुटत होत्या, प्रार्थना की शिव्या, मला कळलं नाही. हळूहळू ते पाऊल आत आलं.

"मी नाही गेले," त्या वळून मला म्हणाल्या. घामाने चेहरा भिजला होता आणि त्या हसत होत्या. "बघ, नेत्रा. मी नाही गेले."

त्याच वेळी मोरीकडून ॲनिशाचा आवाज आला. "आले, आले!" ओले हात गाऊनला पुसत ती आमच्या समोरून फाटकाकडे धावत गेली.

हातात बाळ नव्हतं.

आंटींचं हसू तिथेच मेलं. त्या मोरीकडे धावल्या. बाळ पाटाच्या कडेला, तोंडाला फेस, टोपाकडे हात करून सरकत होतं. त्यांनी ते उचललं, टॉवेलात गुंडाळलं आणि छातीशी धरून वाडीतून चालत निघाल्या. धावल्या नाहीत. मी मागोमाग.

ॲनिशाचा हात कडीवर होता. "सोड ती," आंटी म्हणाल्या.

"मम्मी, तो थांबलाय. मग तो पुन्हा बोलणार नाही..."

"नको बोलू दे." त्यांनी तिचा हात कडीवरून काढला आणि त्या हातांत बाळ दिलं. "हे कुठे ठेवून आलीस, बघ."

ॲनिशाने बाळाकडे पाहिलं. तिचा रंगच उडाला.

आंटी गजांपाशी गेल्या. "केविन, खाली उतर. तुला हात आहेत. फाटक उघड आणि आत ये, मग मी तुला तुझ्या बापाचं सगळं सांगते. तुला टबात ठेवून मी कुठे धावले ते सांगते."

केविन स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. त्याला त्यातलं काही कळलं नसावं. त्याचा चेहरा दुखावलेला होता, आणि बघता बघता तो बंद झाला, खिडकी लावावी तसा. त्याने ॲक्सिलरेटर थोडा दाबला. ठोके मोठे झाले.

"चल," आंटी ॲनिशाला म्हणाल्या. "पोर ओलं आहे." त्या दोघी वळल्या आणि बाळाला घेऊन घराकडे गेल्या. एकदाही मागे पाहिलं नाही.

मी तिथेच उभी होते. इंजिन तापत होतं, पेट्रोलचा वास येत होता, चौथा ठोका मागे राहत होता. केविन आता माझ्याकडे बघत होता. शिवी नाही, राग नाही. तो फक्त वाट बघत होता. मी मनात म्हणत होते, बस तसाच, संध्याकाळपर्यंत बस, मी तुझी कोण लागते?

हाताला काहीतरी गार लागलं म्हणून मी खाली पाहिलं. मी कडी अर्धी काढली होती.

मी हात मागे घेतला. तो घ्यायला मला जोर लावावा लागला.